पिल्लू गुरगुरते तेव्हा

आपल्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते ओळखले जाते, म्हणून लोक त्याला नर्सी नामदेव म्हणतात. नामदेवांची एक गोष्ट आपण कीर्तनात ऐकली असेल. एक कुत्रे आले आणि त्यांची भाकर तोंडात धरून पळाले. नामदेव त्याच्या मागे धावले. त्यांच्या हातात काठी नव्हती, तुपाची वाटी होती. देवाने कोरडी भाकर खाऊ नये, तिला तूप लावून द्यावे, एवढेच त्यांच्या मनात होते.

या गोष्टीतला भक्तीचा अर्थ कीर्तनकार सांगतात. तो आम्हांला त्यांच्यासारखा सांगता येणार नाही. आम्ही येथे कुत्र्याच्या बाजूने विचार करतो. ते कुत्रे पळाले का? मागून येणारा माणूस आपली भाकर हिसकावणार, असे त्याला वाटले म्हणून. आजवर जो कोणी त्याच्या मागे धावला, तो हिसकावण्यासाठीच धावला होता. वाटीत तूप आहे हे बिचाऱ्याला कसे कळावे?

आपल्या घरचे पिल्लू भाकरीवर बसून गुरगुरते, तेव्हा त्याच्या पोटात हीच भीती असते.

आपल्याकडे आखाडा म्हटला की कुत्रे आलेच. हळदीला पाणी द्यायला रात्री-अपरात्री जावे लागते, सोयाबीनची सुडी राखावी लागते, रानडुकरे असतात. कुत्रे नसेल तर सालगड्यालाही करमत नाही. पण हे कुत्रे आपण आणतो कसे? कोणाच्या तरी आखाड्यावर कुत्री व्यालेली असते. पोरे जातात आणि महिन्याचे पिल्लू सदऱ्यात घालून घरी आणतात. इथेच पहिली चूक होते. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. भावंडांशी खेळताना ते जोरात चावले तर दुसरे पिल्लू कळवळून ओरडते आणि खेळ सोडते. आईही त्याला दटावते. दात किती जोरात लावायचे, हे पिल्लू तिथे शिकते. त्याची पहिली शाळा तीच. ती बुडवून आलेल्या पोराचा अभ्यास मग आपल्याला घ्यावा लागतो.

कळमनुरी तालुक्यातील आमच्या ओळखीच्या एका घरी असेच पिल्लू आणले होते. नाव ठेवले शेरू. घरात आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू. शेरू चार महिन्यांचा झाला आणि खाताना गुरगुरू लागला. एके दिवशी नातू त्याच्या ताटलीजवळ गेला. शेरूने वर न बघताच घशातून आवाज काढला. आजोबांनी पायातली वहाण काढली आणि त्याच्या पाठीत हाणली. "अन्न आमचं खातो अन् आमच्यावरच गुरगुरतो?" असे म्हणाले. आठ-दहा दिवस रोज हेच झाले. मग शेरूचे गुरगुरणे बंद झाले. आजोबांना वाटले, जिंकलो.

पुढच्या पंधरवड्यात तो नातू पुन्हा ताटलीजवळ वाकला. शेरू मुळीच गुरगुरला नाही. त्याने सरळ पोराच्या मनगटाचा चावा घेतला. रक्त आले.

आता इथे पिल्लाची गोष्ट थांबवून पोराच्या हाताकडे बघितले पाहिजे. घरात त्या वेळी चार तोंडांनी चार उपाय निघाले. कोणी म्हणाले चुना लावा, कोणी म्हणाले मिरची भरा, कोणी हळद आणायला धावले. आपला जिल्हा हळदीचा. हळदीची आम्हांलाही माया आहे. पण कुत्रे चावलेल्या जखमेत हळद, चुना, मिरची, तेल यांतले काहीही घालू नये. जखम वाहत्या पाण्याखाली धरावी आणि साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळाने पंधरा. लेकरू रडेल, तरी धुवावे. पिसाळीचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतो आणि साबणाने तो पुष्कळ अंशी मरतो. जखम घट्ट बांधू नये. नंतर उशीर न करता सरकारी दवाखाना गाठावा. तिथे ही लस मोफत टोचतात.

पोटात चौदा सुया टोचतात या भीतीने अजूनही काही माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत. ती जुनी लस मेंढ्यांच्या मेंदूपासून करीत असत. आपल्या देशात ती 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आताची लस पोटात टोचत नाहीत. मोठ्या माणसाला ती दंडात देतात. पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा. कातडीत टोचायची असेल तर पुढच्या सुया तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत टोचायची असेल तर त्यात चौदावा दिवस वाढतो. एकही चुकवू नये. रक्त निघण्याइतका चावा असेल तर लसीबरोबर जखमेच्या आत व भोवती आणखी एक औषध टोचतात. त्याला सीरम म्हणतात. ते लहान दवाखान्यात नसेल तर डॉक्टर मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तिथे जाण्याचा कंटाळा करू नये. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी 1885 साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा अशी लस देवविली आणि तो वाचला. त्याआधी लोकांच्या हातात काही नव्हते. आजही रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचतच नाही. जे करायचे ते आधीच करायचे असते.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. ते पिसाळलेले असेल तर तेवढ्या दिवसांत आजारी पडते किंवा मरते. पण कुत्रे बघत बसून पहिली सुई लांबवू नये. त्या नातवाला त्याच दिवशी सुई मिळाली. शेरू दहा दिवसांनी धडधाकट होता.

धडधाकट होता म्हणूनच घरात वाद पेटला. आजोबा म्हणाले, "पोत्यात घाला अन् बाजाराच्या गावाला सोडून या." मुलगाही त्याला तयार झाला. सून मात्र आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, लेकरू माझं आहे, माझा जीव त्याच्यापाशी आहे. पण ह्या पिल्लाला मी बाटलीनं दूध पाजलंय. मामंजींना काय सांगू?"

आम्ही तिला आधी कायदा सांगितला. 1960 सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले मरेल अशा जागी सोडून देणे हा गुन्हा आहे. शिवाय आपल्या पोराला चावलेले कुत्रे दुसऱ्या गावात सोडले तर ते दुसऱ्याच्या पोराला चावेल. मग आम्ही आमची स्वतःची एक चूक तिला सांगितली. ती येथेही सांगतो.

नोकरीत असताना आम्ही मोत्या नावाचे कुत्रे पाळले होते. त्या वेळी आमच्या हातात छडी असे. मोत्या हाडकावर गुरगुरला की आम्ही छडी दाखवत असू. तोही आजोबांच्या शेरूसारखा गप्प झाला आणि पुढे एका पाहुण्याला काही आवाज न करता चावला. छडीने आम्ही शाळेतही पुष्कळ पोरे गप्प केली. गप्प बसलेल्या पोराला गणित आले असे काही नव्हते, फक्त त्याला येत नाही हे आम्हांला कळायचे बंद झाले.

गुरगुरणे ही कुत्र्याची बोली आहे. "लांब राहा, मला भीती वाटते" असे ते म्हणत असते. ते बोलले म्हणून मारले तर भीती जात नाही, उलट वाढते. ते फक्त बोलायचे सोडून देते आणि मग एकदम दात लावते. गुरगुरणारे कुत्रे एका परीने सज्जन म्हणावे. ते आधी कळवते.

गुरगुरण्याच्याही आधी ते पुष्कळ सांगत असते, पण आपण बघत नाही. कोणी जवळ येताच खाणारे कुत्रे क्षणभर ताठ होते. शेपटी हलायची थांबते. मग ते आणखी भराभर गिळू लागते. डोके ताटलीवर तसेच ठेवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते, तेव्हा डोळ्याचे पांढरे दिसते. मग ओठ वर जातो. मग आवाज. यातली पहिली खूण दिसली की तिथेच थांबावे, पुढे पाऊल टाकू नये.

काही माणसे सांगतात की कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरावे, म्हणजे मालक कोण हे त्याला कळते. ही समजूत लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने 1947 साली कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांविषयी लिहिले. त्यावरून लोकांनी ठरवले की कळपात एक दादा असतो आणि तो सर्वांना दाबून ठेवतो. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकानेही 1970 च्या आपल्या पुस्तकात तसे लिहिले होते. पुढे त्यानेच रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि 1999 साली आपले म्हणणे दुरुस्त केले. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंबच. ज्याने लिहिले त्याने मागे घेतले, आपल्या गावात मात्र पिल्लांना उताणे पाडणे चालूच आहे.

मग करावे काय? आम्ही सुनेला नामदेवांच्या वाटीची आठवण दिली. जवळ येणारा माणूस नेणारा नसून देणारा आहे, हे शेरूला पटले पाहिजे. बोलून ते पटणार नाही, रोजच्या अनुभवाने पटेल.

रशियात पाव्हलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. पचनाच्या अभ्यासासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या असे ध्यानात आले की कुत्र्याच्या तोंडाला अन्न दिसल्यावर तर पाणी सुटतेच, पण अन्न आणणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज ऐकूनही सुटते. पावले आणि अन्न यांची गाठ कुत्र्याच्या मनात बसलेली असते. शेरूच्या मनात पावले आणि वहाण यांची गाठ बसली होती. ती सोडवून दुसरी बांधायची होती.

सुनेने काम असे केले. शेरूची ताटली गोठ्याच्या मागे, जिथे कोणाची वर्दळ नाही अशा कोपऱ्यात ठेवली. नातू त्या वेळी घरात, दाराला कडी. ताटलीत नेहमीची ताकात कुस्करलेली भाकर. शेरू खाऊ लागला की ती दहा पावलांवरून चालत जायची आणि जाता जाता तुपाचे बोट लावलेला चपातीचा तुकडा त्याच्या ताटलीकडे फेकायची. थांबायची नाही, त्याच्याकडे टक लावून बघायची नाही, सरळ निघून जायची. असे एका जेवणाला चार-पाच वेळा. शेरू ताठ झाला नाही, तर दोन-तीन दिवसांनी नऊ पावले. ताठ झाला तर पुन्हा अकरा. भाकरीपेक्षा फेकलेला तुकडा चांगला पाहिजे, हे यातले मुख्य. भाकर खाणाऱ्याला भाकरच फेकली तर त्याला त्याचे काय कौतुक? कधी ती उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा टाकायची.

संध्याकाळच्या वर्गात ती त्या वर्षी अंक शिकली होती. गोठ्याच्या भिंतीवर ती कोळशाने रोजचा आकडा लिहून ठेवी. 10, 10, 9, 9, 10, 8. आम्ही एकदा बघायला गेलो तेव्हा 6 वर तीन दिवस अडकलेली होती. म्हणाली, "गुरुजी, पुढंच सरकंना." आम्ही विचारले, त्या तीन दिवसांत काय झाले? तेव्हा कळले की नवऱ्याने गंमत म्हणून एकदा ताटली ओढून पाहिली होती. एका माणसाने द्यायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, असे चालत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच वागायला हवे. आजोबांचे मन वळवायला मात्र शेरूपेक्षा जास्त दिवस लागले.

साधारण पाच आठवड्यांनी आकडा 1 झाला. आता ती जवळ आली की शेरू खाणे सोडून वर बघायचा आणि शेपटी हलवायचा. मग ती थोडी वाकून तुकडा हाताने ताटलीत टाकू लागली. आणखी काही दिवसांनी ताटली उचलायची, तिच्यात चांगले काही घालायचे आणि लगेच परत ठेवायची, हेही जमले. हे रोज करायचे नाही. खाणाऱ्याची ताटली सारखी उचलत राहिले तर माणूसदेखील गुरगुरेल.

वस्तूंचेही असेच. शेरू वहाण घेऊन बाजेखाली शिरायचा. पोरे बाजेखाली हात घालत, काठीने ढोसत. त्यामुळे वहाण म्हणजे फार मोलाची चीज आहे असे त्याला वाटू लागले. आम्ही सांगितले, वहाण मागू नका, बदली द्या. चपातीचा तुकडा त्याच्यापासून दोन हातांवर टाका, "सोड" म्हणा. तो तुकड्याकडे गेला की वहाण निवांत उचला. सोडण्यातही मिळकत आहे हे कळले की पुढे "सोड" या शब्दावरच तो सोडतो. आणि मुळात वहाणा उंच ठेवाव्यात. ही गोष्ट पिल्लाने शिकायची नसून घरच्यांनी शिकायची आहे.

खेळताना चावणे मात्र वेगळे. त्यात राग नसतो. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे 42 येतात. त्या दिवसांत हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू जे दिसेल ते चावते. त्याला जुन्या फडक्याची गाठ पाण्यात भिजवून द्यावी, किंवा जाड दोर द्यावा. हाताशी खेळू देऊ नये. दात हाताला लागले की मुकाट्याने उठून जावे, अर्धा मिनिट खेळ बंद. भावंडे हेच करीत असत. हात झटकला किंवा आरडाओरड केली तर त्याला ते खेळातलेच वाटते.

उपाशी पिल्लू जास्त राखण करते, हेही ध्यानात घ्यावे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे घालावे. पोटात जंत असतील तर कितीही घातले तरी भूक भागत नाही. जनावरांच्या दवाखान्यातून जंताचे औषध आणावे. शांत कुत्रे एकाएकी गुरगुरू लागले तर कानात गोचीड, पायात काटा, दुखरा दात असे काही आहे का, ते पाहावे. आणि दिवसभर साखळीला बांधू नये. बांधलेल्याला पळता येत नाही, म्हणून ते चावते.

लहान लेकरांविषयी आम्ही फार कडक आहोत. कुत्रे कितीही शहाणे झाले तरी त्याच्या खाण्याच्या वेळी आणि झोपेच्या वेळी लेकरू जवळ नको. मोठ्या माणसाची नजर नसताना दोघांना एकत्र सोडू नये. कुत्र्याला "छू" करून दुसऱ्याच्या अंगावर सोडण्याचा खेळ पोरे करतात, तो पहिल्याच दिवशी बंद करावा. आणि खोल चावे पुन्हा पुन्हा होत असतील तर घरचे उपाय थांबवून जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. तोवर पोर आणि कुत्रे यांच्या मध्ये दार असावे. सगळीच कुत्री शेरूसारखी सुधारतात असे आम्ही म्हणणार नाही.

शेरू आता दीड वर्षाचा आहे. नातवाच्या मनगटावर दोन पांढरे ठिपके राहिले आहेत. शेरूजवळ कोंबडी गेली तर तो अजून गुरगुरतो. सून म्हणते, "कोंबडीच्या हातात तुपाची वाटी कोण देणार?" पिसाळीची पहिली लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर टोचून घ्यायची असते आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी. शेरूची पहिली वेळ चुकली होती, ती नंतर टोचून घेतली. गोठ्याच्या भिंतीवर पावलांच्या आकड्यांखाली तिने पुढच्या सुईची तारीख कोळशाने लिहून ठेवली आहे. पावसाने पुसू नये म्हणून वर पत्र्याचा तुकडा ठोकला आहे.